ऑनलाइन आबा

आबा कुणाच्या हातून नोट घेत नसत. त्यांच्या नातीचं बारसं होतं. पाहुण्यांनी तान्ह्या पोरीच्या मुठीत दहा-वीसच्या नोटा कोंबायला सुरुवात केली, तेव्हा आबांनी भर मांडवात सगळ्यांना थांबवलं. "तिच्या आईच्या खात्यावर टाका की. फोन न्हाय का तुमच्याकडं?" म्हणाले. विहीणबाई तोंड फिरवून बसल्या. जावई पाणी तापलं का बघायच्या निमित्तानं मागच्या दारी गेला तो आलाच नाही. आबांनी मात्र पाळण्याच्या दोरीला क्यूआर कोडचा कागद बांधला आणि शेजारी पाट टाकून ते राखणीला बसले. त्या दिवसापासून गाव त्यांना ऑनलाइन आबा म्हणू लागलं. बारसं नातीचं आणि नाव पडलं आजोबांना, असं लोक अजून हसत सांगतात.

आमचं गाव तेरखेड्याच्या पलीकडं, माळावर. जमीन हलकी आणि पाऊस लहरी, म्हणून निम्मी घरं फटाक्याच्या कारखान्यांवर चालतात. कारखाना म्हटल्यावर डोळ्यांपुढं येते तशी चिमणी-बिमणी काही नाही. लांब लांब टाकलेली पत्र्याची शेडं, मधे माल वाळवायला अंगण आणि भोवती तारेचं कुंपण. अशा एका कारखान्याच्या गेटवर आबा बसायचे. आत जाणाऱ्याची काडीपेटी, बिडी, मोबाइल काढून ठेवायचा आणि सुट्टीला परत द्यायचा, हे त्यांचं काम. सुट्टी झाली की ते फाट्यावर माझ्या मोबाइलच्या दुकानात यायचे. स्टुलावर टेकायचे, बोलता बोलता उठायचे, रस्त्यापर्यंत जाऊन दोन्ही बाजूंना बघायचे आणि परत येऊन अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करायचे.

"कुणाची वाट बघताय आबा?" मी विचारायचो.

"कुणाची न्हाय. बसवत न्हाय, दत्ता."

त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं निम्मीच होती. उजव्या हाताची बोटं शाबूत होती, पण त्यांवरची कातडी चकचकीत, ताणलेली. रेघ म्हणून नव्हती. रेशन दुकानातल्या मशीनवर त्यांचा अंगठा कधी उमटलाच नाही. दुकानदार कापडानं बोट पुसायचा, फुंकर घालायचा, पुन्हा दाबायचा. मशीन काही त्यांना ओळखायचं नाही. "मी मेलोय म्हणतंय ते," आबा मागं उभ्या असलेल्या बायांना सांगायचे, आणि त्यांच्या मुलीला बोलावणं धाडलं जायचं. फोनवर मात्र आकडे दाबून काम व्हायचं. म्हणून फोन त्यांना माणसाळलेला वाटायचा.

हात गेला तो दुसऱ्या एका कारखान्यात. तेव्हा आबा तिथं फटाक्यांत दारू भरायचे. भडका उडाला, आबा सोलापूरच्या दवाखान्यात पडले, आणि चौकशी आली तेव्हा तिथल्या मालकानं सांगितलं की हा माणूस आमच्याकडं कामाला नव्हताच, पावसाचा आडोसा म्हणून वळचणीला उभा होता.

"पाऊस न्हवता त्या दिशी," आबा सांगायचे. "आभाळाचा ठिपका न्हवता. वर्सानुवर्सं रोजी घेतली त्याच्याकडनं. सगळी रोख, हातावर. म्या म्हणलो, साहेब, ह्येनं मला पगार दिलाय. साहेब म्हणलं, दाखवा. काय दावू? नोटीला तोंड न्हाय, दत्ता. कुणाच्या खिशातनं आली, कशापायी आली, ती बोलत न्हाय."

गेटवरच्या नोकरीला लागताना त्यांनी मालकाला एकच अट घातली होती. पगार फोनवर पाठवायचा. हा मालक तसा हसतमुख माणूस. म्हातारा हौशी दिसतोय असं समजून त्यानं मान डोलावली. पहिला पगार आला तेव्हा आबा दुकानात आले, चष्मा लावला आणि फोनवरचा मेसेज अक्षर अक्षर लावत वाचला. मालकाचं नाव, स्वतःचं नाव, रक्कम. रकमेवर ते फार रेंगाळले नाहीत. दोन नावं एका ओळीत आहेत, हे त्यांनी मला बोट ठेवून दाखवलं. "आता म्हण म्हणावं, वळचणीला हुबा हुता."

गावात मात्र या गोष्टीचं वेगळंच झालं. त्या दिवसांत चहाच्या टपरीवर दोन तट होते. फोननं पैसे देणारा तो सरकारच्या बाजूचा आणि रोखीनं देणारा विरोधातला, अशी सरळ वाटणी लोकांनी करून टाकली होती. चहाचे दहा रुपये कसे दिले यावरून माणसाचं मत ठरायचं. एक तरुण पुढारी आबांचा सत्कार करायला निघाला. शाल, नारळ, फोटो, सगळं ठरलं. आबा गेलेच नाहीत. "माझ्या पगारात ह्येंचं काय?" एवढंच म्हणाले. दुसऱ्या तटाचे एक निवृत्त गुरुजी होते. ते दुकानात येऊन आबांशी तावातावानं भांडले. "आबा, उद्या तुमच्या घरात काय शिजलं, तुम्ही कुणाला किती दिले, हे सगळं वर बसलेल्यांना दिसणार. चार पैसे कुणाला न सांगता खर्च करता येणं हेच स्वातंत्र्य आहे. मी रोखीनंच देणार. माझ्यापुरता तो निषेध आहे."

आबा उठले, रस्त्यापर्यंत गेले, परत आले.

"गुरुजी, तुमाला बगणारे लई हायती, म्हणून तुमाला लपावं वाटतंय. मला आजपातुर कुणी बगितलंच न्हाय."

गुरुजी उठून घरी गेले. मला वाटलं, विषय मिटला. दुसऱ्या दिवशी आबा दुकान उघडायच्या आधी पायरीवर बसलेले. डोळे तांबारलेले. म्हणाले, "गुरुजी म्हणत्यात ते बी खोटं न्हाय. रातभर इचार करायलोय." आबांचं हे असंच होतं. भांडण जिंकून त्यांना कधी झोप लागायची नाही.

पुढं त्यांनी कारखान्यातल्या बायांच्या मागं लागायला सुरुवात केली. सुट्टीला मोबाइल परत देताना प्रत्येकीला तेच सांगायचे. रोख घेऊ नका, फोनवर मागा, तुमी इथं राबताव ह्येची कुठंतरी नोंद ऱ्हाऊ द्या. बाया हसायच्या. मग एक आली, तिच्यामागं दुसरी. मी त्यांची खाती फोनला जोडून दिली, आकडे पाठ करून घेतले. बऱ्याच जणींचा आठवड्याचा पगार फोनवर येऊ लागला. मालकाचं हसू तेव्हा कमी झालं. त्यानं आबांना शेडाच्या सावलीत बोलावून घेतलं.

"आबा, मी तुम्हाला गेटवर बसायचे पैसे देतो. राजकारण करायचे नाही."

"पगार कसा घ्यायचा ह्ये राजकारण असंल, तर मग करायलोय म्या," आबांनी सांगितलं.

सुनंदा तेवढी ऐकेना. बॉम्बवर सुतळी गुंडाळायला तिच्याइतका चलाख हात सगळ्या कारखान्यात नव्हता. बोलणं कमी. तिची मुलगी लातूरला नर्सिंग शिकायचं म्हणत होती. आबा तिच्या मागंच लागले, तेव्हा एका संध्याकाळी ती सरळ दुकानात आली. आबा स्टुलावर होते. ती दारातच उभी राहिली.

"आबा, तुमी मला उघडं पाडायला निगालाव."

"म्या? म्या तुझ्या भल्याचं सांगायलोय, पोरी."

"माझ्या खात्याला नंबर कुणाचा हाय, ठाव हाय? मालकाचा. माझ्या घरच्या मालकाचा. पैसा पडला की त्येचा फोन वाजतुय. मला कळायच्या आदी त्यो गुत्त्यावर असतुय."

"मग दुसरं खातं काढ. दत्ता काढून देईल."

"आन् पासबुक कुठं ठिवू? दुसरा फोन कुठं ठिवू? एका खोलीत ऱ्हातो आमी." ती खालच्या आवाजातच बोलत होती. "नोट चोळीत बसती आबा. मी कमी पगार सांगती आन् उरल्यालं बाजूला ठिवती. पोरगी शिकंल तर त्येच्यावर शिकंल. तुमच्या त्या नोंदीनं माझं घर फुटंल."

आबा उठले, पण रस्त्याकडं गेले नाहीत. तिथंच दोन पावलं इकडं, दोन पावलं तिकडं. शेवटी म्हणाले, "मग ठिवतीस कुठं?"

"त्येच इचारायला आली. घरात जागा उरली न्हाय. परवा त्येनं पिठाचा डबा उपसला." तिनं पदराची गाठ सोडली आणि नोटांची घडी पुढं केली. "तुमच्याकडं ठिवा. तुमच्याकडं नोटा असत्याल असं कुणाच्या मनात बी येणार न्हाय."

मी काउंटरच्या आड मान घातली. मला हसू येत होतं आणि हसायची वेळ नव्हती. आबा त्या घडीकडं कितीतरी वेळ बघत राहिले. मग त्यांनी डावा हात पुढं केला. निम्म्या बोटांत ती घडी धरली आणि बंडीच्या आतल्या खिशात घातली. त्यांना नोटेला हात लावताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर दर आठवड्याला सुनंदाची घडी त्यांच्याकडं येऊ लागली. ज्वारीच्या कोठीत एक पत्र्याचा डबा होता, त्यात ते ती ठेवायचे. बाहेर बायांना सांगायचे, रोख घेऊ नका. घरी जाऊन रोख लपवायचे. या गोष्टीनं ते फार बेजार झाले. "म्या लबाड हाय का रं, दत्ता?" त्यांनी एकदा विचारलं. मी म्हणालो, "नाही आबा, तिची अडचण वेगळी आहे." ते म्हणाले, "सगळ्यांची अडचण येगळीच असती. मग म्या सगळ्यांना येकच कामून सांगायलोय?"

मालक हुशार होता. कोण अजून रोख घेतंय हे त्यानं हेरलं. त्यानं सुनंदाचं नाव सगळ्यांपुढं घेतलं. ही बघा, हिला काही त्रास आहे का? रोख घेणारीला मी थोडे वर देतो, तुमच्या त्या फोनवर द्यायला मला परवडत नाही. आठवड्याला थोडे जास्त मिळणार म्हटल्यावर एकेक करत बाया परत रोखीवर आल्या. दिवाळीच्या मालाचे दिवस, घरात नड, कोण कुणाला नावं ठेवणार? आबांचा सगळा खटाटोप दसऱ्याच्या आधी बसला. त्या दिवशी गेटवर ते सुनंदावर कडाडले.

"तुझ्यापायी झालं ह्ये!"

"माझ्यापायी न्हाय आबा, गरजंपायी," तिनं सांगितलं, फोन घेतला आणि ती चालू लागली. आठवडा संपला तेव्हा तिची घडी तरीही आली आणि आबांनी ती तरीही ठेवून घेतली.

दसरा झाला, आणि एका दुपारी वाळवणाच्या अंगणात माल पेटला. आवाज फाट्यापर्यंत आला. दुकानाची काच थरथरली. मी पोचलो तेव्हा आबांनी सुनंदाला अंगणातून ओढत बाहेर आणलं होतं. तिचा हात, मान आणि गालाची एक बाजू भाजली होती. बाकीच्या बाया पळाल्या म्हणून वाचल्या. कुणाच्या तरी जीपमध्ये तिला घातलं आणि आम्ही सोलापूरला निघालो. सगळ्या रस्त्यानं आबा तिच्या पायाशी बसून होते.

चौकशी आली. मालकानं सांगितलं, ती बाई आमच्याकडं कामाला नाही. कुणाचा तरी डबा द्यायला आली होती.

आबांनी जबाब दिला. "म्या गेटवर असतो. रोज माझ्या हातात फोन देऊन ती आत जाती. रोज संध्याकाळी माझ्या हातनं घेऊन जाती." साहेबांनी ऐकून घेतलं, लिहून घेतलं आणि विचारलं, पगाराचा काही पुरावा? दोन बाया आबांबरोबर साक्ष द्यायला गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला नक्की माहीत नाही म्हणून सांगितलं. आबांची गेटवरची जागाही त्याच दिवशी गेली.

त्या संध्याकाळी ते दुकानात आले आणि बसले. खरंच बसले, उठले नाहीत.

"दत्ता, त्यो डबा हाय माझ्याकडं. त्यातली समदी नोट ह्याच मालकाच्या हातची हाय. दावू का साहेबाला?"

"नोटांवर कुणाचं नाव नसतं, आबा. आणि तिच्या नवऱ्याला कळलं तर तो सगळं घेऊन जाईल."

"म्हंजी म्या म्हणत हुतो त्येच झालं," ते म्हणाले. पुढं म्हणाले, "आन् ती म्हणत हुती त्ये बी."

पुढं सुनंदाच्या नवऱ्यानं मालकाकडून काही रक्कम घेतली, रोखच, आणि बायको डबा द्यायला गेली होती असं लिहून दिलं. प्रकरण मिटलं. आबा नोटांचा डबा घेऊन दवाखान्यात गेले, मीही बरोबर होतो. सुनंदाच्या मानेला पट्ट्या होत्या, तिला मान वळवता येत नव्हती. मुलगी उशाशी होती. आबांनी डबा मुलीच्या हातात दिला. सुनंदा छताकडं बघत म्हणाली, "खात्यात असतं तर ह्ये बी त्येनं उचललं असतं, आबा."

"व्हय," आबा म्हणाले. "आन् खात्यात असतं तर तू कामाला हुतीस ह्ये तरी कुणी नाकारलं नसतं."

"व्हय," ती म्हणाली.

मुलगी त्या पैशांवर लातूरला गेली. दवाखान्यातून सोडल्यावर सुनंदाही काही दिवसांनी तिच्या मागोमाग गेली. तिथं एका वसतिगृहात ती पोळ्या करते असं ऐकलं.

मला वाटलं, आबा आता खचतील. दोन आठवडे ते फिरकलेही नाहीत. मग एका शनिवारी, पगाराच्या दिवशी, ते कारखान्याबाहेरच्या रस्त्यावर जाऊन उभे राहिले. सुट्टी झाली, बाया बाहेर आल्या, नव्या राखणदाराकडून त्यांनी मोबाइल घेतले. आबांनी आवाज दिला. "पोरींनो, पैसा कसा बी घ्या. रोख घ्या, फोनवर घ्या, तुमच्या घरचं तुमाला ठाव. निस्त्या माझ्यापुढं हुब्या ऱ्हावा." आणि कारखान्याची पाटी मागं दिसेल असा त्यांनी फोटो काढला. फोटो लगेच माझ्या फोनवर आला. "तुझ्याकडं असू दे," म्हणून निरोप.

मालकानं माणूस पाठवला. आबा म्हणाले, "रस्ता काय मालकाचा हाय का?" पुढच्या शनिवारी ते परत तिथंच. पहिल्यांदा थोड्याच जणी थांबल्या. हळूहळू थांबणाऱ्या वाढल्या. चेहऱ्यावर चंदेरी भुकटी, कपाळाला घाम, उन्हानं बारीक झालेले डोळे. आबांनी निम्म्या बोटांत फोन धरून काढलेले ते फोटो तिरके असायचे, कधी निम्मं आभाळ यायचं. त्याचा उपयोग झाला का, असं लोक मला विचारतात. एकदा झाला. एका बाईचा तळहात भाजला आणि मालकानं हात झटकायच्या आधीच तिनं माझ्याकडून फोटो घेऊन पुढं केला. त्यानं दवाखान्याचं बिल भरलं. बाकी कुणाला किती उपयोग झाला, खरंच सांगता येत नाही.

आबांना या कामानंही स्वस्थता मिळाली नाही. "फोटूत नाव दिसत न्हाय, आन् तोंड दिसतंय. कुणाला तोंड दिसलेलं चालत नसंल तर?" असं ते एकदा म्हणाले आणि उठून रस्त्यापर्यंत गेले. त्या हिवाळ्यात एका पहाटे छातीत कळ येऊन ते गेले. त्यांच्या मुलीनं फोन केला तेव्हा मी शटर उघडत होतो.

मातीला कारखान्यातल्या बाया आल्या होत्या. त्या दिवशीची रोजी त्यांनी सोडली होती. मला वाटलं, शनिवारचे फोटो आता इथंच थांबणार.

शनिवारी संध्याकाळी माझा फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. फोटो होता. कारखान्याची पाटी, समोर बायांची रांग. त्यांच्यातल्याच कुणीतरी काढलेला, या वेळी सरळ. तेव्हापासून दर शनिवारी येतो. मी ते सगळे वेगळ्या जागी साठवून ठेवतो. डाव्या कडेला एक बाई असते, नेहमी तीच, हिरव्या बांगड्यांची. ती रांगेत उभी राहते, पण क्लिक व्हायच्या वेळी पदर तोंडावर ओढून घेते. ती कोण आहे, तिच्या घरी कुणापासून काय लपवायचं आहे, मला माहीत नाही. बाकीच्या बायांनी तिला पदर काढ म्हटलेलं नाही, आणि रांगेतून बाहेरही काढलेलं नाही. मीही कधी विचारलं नाही.